जुना टेम्पो संस्थेला देताना: किल्ली, कागद आणि हिशेब

आमची पहिली गाडी आम्ही चुकीच्या पद्धतीने दिली. छोटा हत्ती होता. मंडप-केटरिंगच्या धंद्यात नऊ वर्षं राबला होता, आणि नवी गाडी आल्यावर वडील म्हणाले, विकून काय येणार, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. एका वसतिगृहाला दिली. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर सह्या करून मी ते कोरेच त्यांच्या हाती ठेवले आणि म्हणालो, सवडीने नावावर करून घ्या.

अकरा महिन्यांनी माझ्या मोबाईलवर चलान आलं. मग दुसरं. मधल्या काळात टोलचे पैसे आमच्याच फास्टॅगमधून कापले जात होते, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दोष त्यांना कसा देणार? त्यांच्याकडे आरटीओत खेटे घालायला माणूस नव्हता आणि मला घाई होती.

गेल्या वर्षी दुसरी गाडी दिली, बंद बॉडीची सहाचाकी टाटा ४०७. वृद्धांना घरपोच जेवणाचे डबे देणाऱ्या एका छोट्या ट्रस्टला. या वेळी दोन महिने लागले, पण चलान आलं नाही. त्या दोन महिन्यांत काय काय केलं ते इथे लिहितो. टेम्पो, पिकअप, ट्रॅव्हलर, आयशर, जी काही पिवळ्या पाटीची गाडी तुमच्या गोडाऊनमागे उभी असेल तिला हे बहुतेक सगळं लागू पडेल. (आपण मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणतो ते टेम्पो या जर्मन कंपनीमुळे. पुण्याची बजाज टेम्पो १९५८ साली तिच्याच सहकार्याने उभी राहिली आणि २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. गाडीवरचं नाव गेलं, तोंडातलं राहिलं.)

आधी गाडी देण्याजोगी आहे का ते बघा

आपल्या मिस्त्रीला बोलवा आणि त्याला खरं विचारा: ही गाडी तुझ्या मेहुण्याला घ्यायला सांगशील का? तो "नाही" म्हणाला तर ती संस्थेलाही देऊ नका. इंजिनाला कॉम्प्रेशन आहे का, गिअर सुटतो का, कमानपाटे बसलेत का, चेसीसला कुठे वेल्डिंग मारलंय का, हौद्याचा पत्रा खालून गंजलाय का, सहाही टायरांत किती जीव उरलाय, हे एका कागदावर लिहून घ्या. हा कागद पुढे संस्थेला द्यायचा आहे, त्यामुळे त्यात लपवाछपवी नको.

पासिंगची तारीख बघा. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. आपल्याकडे आठ वर्षांनंतर पर्यावरण कराचाही बोजा येतो. म्हणजे बारा वर्षांची गाडी देताना तुम्ही संस्थेच्या वार्षिक कामांत एक काम वाढवून देताय. पासिंग संपलं असेल तर स्वतःच्या खर्चाने करून मग गाडी द्या. वेग नियंत्रक चालू असणं, रेडियमच्या पट्ट्या, वायपर, हॉर्न, इंडिकेटर या किरकोळ गोष्टींवर गाड्या परत येतात, आणि दर वेळी संस्थेच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. शिवाय पासिंग, विमा, पीयूसी किंवा टॅक्स यातलं एक जरी थकलेलं असलं तरी नावावर करताना तिथेच गाडं अडतं.

आणि गाडी खरोखर थकली असेल तर? नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. भंगाराचे पैसे मिळतात, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो आणि आरटीओच्या दफ्तरातली नोंद रद्द करून घेता येते. ते पैसे संस्थेला चेकने द्या. बंद पडणारी गाडी संस्थेच्या दारात नेऊन उभी करणं म्हणजे आपल्या अंगणातला कचरा त्यांच्या अंगणात लोटणं.

संस्थेला गाडी हवी आहे की हौस आहे?

फुकट गाडीला नाही म्हणणारी संस्था विरळाच. म्हणून "हवी का?" असं विचारू नका. "रोज कुठून कुठे जाणार, कोण चालवणार, रात्री कुठे उभी करणार?" असं विचारा. डब्यांच्या ट्रस्टने मला लगेच सांगितलं होतं: सकाळी भाजी मंडईतून माल, दुपारी तीन वस्त्यांत डबे, एकूण चाळीस किलोमीटर. ते रिक्षा-टेम्पोला महिन्याला किती भाडं देतात तेही त्यांच्या वहीत होतं. त्यांच्या आधी मी दुसऱ्या एका संस्थेकडे गेलो होतो. तिथे चालक कोण, याचं उत्तर "बघू, कुणीतरी येईल" असं आलं. मी चहा पिऊन उठलो.

कागदही तपासा. महाराष्ट्रातली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडचा, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा नोंदणी क्रमांक हवा. संस्थेच्या नावाचं पॅन हवं. गाडी संस्थेच्याच नावावर व्हायला हवी, अध्यक्षांच्या किंवा त्यांच्या पुतण्याच्या नाही. "आत्ता माझ्या नावावर करा, मग संस्थेच्या करू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

चालकाबद्दल एक चांगली गोष्ट. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर साध्या हलक्या वाहनाच्या म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर व्यावसायिक गाडीही चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे पक्कं केलं. ४०७ या मर्यादेत बसते. मोठा आयशर देत असाल तर मात्र जड वाहनाचा परवाना असलेला चालक लागेल, आणि असा चालक छोट्या संस्थेच्या पगारात टिकत नाही.

परमिटचंही आधीच बघून घ्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून छोटा हत्ती किंवा हलकी पिकअप संस्थेला सोपी पडते. त्यावरच्या गाडीला स्वतःचाच माल वाहायचा असला तरी परमिट लागतं. तुमचं परमिट गाडीबरोबर आपोआप जात नाही. त्यासाठी परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यापेक्षा तुम्ही आपलं परत करून संस्थेने नवं काढणं बरं.

"त्याची रुग्णवाहिका करू"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. दात्याला ते फार आवडतं, कारण रुग्णवाहिकेवर नाव लिहिता येतं. पण मालवाहू टेम्पोची रुग्णवाहिका करणं म्हणजे आत स्ट्रेचर टाकून वर निळा दिवा लावणं नव्हे. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. आतली उंची, जागा, उपकरणं, बैठक, सगळं त्यात ठरलेलं आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. मालवाहू गाडीवर हा खर्च करण्यापेक्षा कारखान्यातून तयार आलेली सेकंडहँड रुग्णवाहिका शोधणं शहाणपणाचं.

शववाहिकेचा विचार मात्र करण्यासारखा आहे. तालुक्याच्या गावी रात्री मृतदेह घरी न्यायला गाडी मिळत नाही आणि त्या वेळी घरच्यांकडून काय भाव घेतला जातो, हे ज्याने अनुभवलंय त्याला विचारा. फक्त मृतदेह आणि सोबतची माणसं नेणाऱ्या गाडीला कायद्याने परमिटमधून सूट दिली आहे. अर्थात तिथेही बॉडीतला बदल मंजूर करून आरसीवर गाडीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. ते काम गाडी देण्याआधी तुम्हीच केलंत तर उत्तम.

वर्षाचा खर्च त्यांच्यासमोर मांडा

मी वहीचं पान घेऊन ट्रस्टच्या खजिनदार बाईंसमोर बसलो. रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. आमची ४०७ गावात लिटरला साडेआठच्या आसपास देते. म्हणजे सव्वाशे लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने महिन्याला अकरा हजारांच्या घरात. चालकाला १८,००० धरले. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये आहे, जीएसटी वेगळा. दुरुस्ती, टायर, ऑइल, पासिंग, पीयूसी, टॅक्स मिळून पन्नास हजार. बेरीज वर्षाला चार लाखांच्या वर गेली.

बाईंनी चष्मा काढून पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "भाऊ, गाडी फुकट नाहीये हो ही." त्यांच्या रिक्षा-टेम्पोच्या भाड्यापेक्षा आकडा थोडा जास्त होता, पण मालही दुप्पट जाणार होता. त्यांनी विश्वस्तांच्या बैठकीत विषय नेला. आम्ही पहिल्या वर्षाचा विमा आणि दोन टायर गाडीसोबत द्यायचं कबूल केलं. जमत असेल तर तुम्हीही काहीतरी रोख रक्कम गाडीबरोबर द्या. पहिल्या सहा महिन्यांत जुनी गाडी नव्या चालकाच्या हाती काहीतरी मागतेच.

कराचा गैरसमज

बहुतेकांची समजूत असते की गाडी दान केली की ८०जीची, म्हणजे आयकरात देणगीची वजावट देणारी पावती मिळते. मिळत नाही. कलम ८०जीची वजावट फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला आहे. गाडी, धान्य, कपडे, काहीही वस्तुरूपात दिलं की वजावट शून्य. एखाद्या संस्थेने गाडीची किंमत लावून तशी पावती देऊ केली तर घेऊ नका.

अमेरिकेत असलेला नातेवाईक तुम्हाला याच्या उलट सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसतो. तिथे जुनी गाडी देऊन करात सूट घेणं ही जुनी रीत आहे. संस्था गाडी बहुधा लिलावात विकते, १०९८-सी नावाचा फॉर्म देते, आणि ५०० डॉलरच्या वरच्या दाव्याला साधारणपणे गाडी जेवढ्याला विकली गेली तेवढीच वजावट मिळते. ते त्यांच्याकडचं. आपल्याकडे तो सल्ला चालवू नका.

करात सवलत हवीच असेल तर रस्ता सरळ आहे: गाडी बाजारात विका आणि आलेले पैसे चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला द्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला वजावट नाही. संस्थेकडून १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र घ्या. साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, आणि तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. समजा दोन लाख दिले आणि मर्यादेत बसले, तर एक लाखाची वजावट, आणि ३० टक्के दराने उपकरासह ३१,२०० रुपये वाचतात. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला हे मिळत नाही. भागीदारी फर्मला मिळतं, कारण तिला ती नवी प्रणाली लागूच नाही.

धंद्यातली गाडी असेल तर जीएसटीकडे जास्त लक्ष द्या. घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर ती गाडी फुकट दिली तरी जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार तो पुरवठाच धरला जातो. क्रेडिट दर तिमाहीला पाच टक्क्यांनी घटवत मोजतात, म्हणजे पाच वर्षांनी त्या बाजूने काही उरत नाही. पण व्यवहारमूल्यावरच्या कराशी तुलना करून जी रक्कम मोठी ती भरायची असते. क्रेडिट घेतलंच नसेल तर हा प्रश्न येत नाही. गाडी घेतानाचं बिल काढून तुमच्या सीएला दाखवा, आणि हे काम गाडी देण्याआधी करा. आमच्या सीएने घसाऱ्याची नोंदही त्याच बैठकीत उरकली.

कागदांची फाईल

इथून पुढे काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे.

सगळ्यात आधी वाहन पोर्टलवर आपल्या गाडीशी कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. ओटीपी त्याच नंबरवर जातो. आमच्या गाडीला २०१४ साली ज्या एजंटने नोंदणी केली होती त्याचा नंबर होता आणि तो कधीचाच बंद पडला होता. नंबर बदलण्यातच आठवडा गेला.

मग बोजा. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असं होत नाही. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो काढावा लागतो. कर्ज फिटून सहा वर्षं झाली आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच, अशा गाड्या आपल्या ओळखीत चार तरी निघतील.

थकीत ई-चलानं भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवून घ्या. परमिट परत केल्याची पोच ठेवा. आणि मग फाईल लावा:

- आरसी बुक, विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्स भरल्याची पावती
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्ही पूर्ण भरलेले, तारखेसह
- तुमचं पॅन आणि पत्त्याचा पुरावा; फर्म असेल तर भागीदारांचं अधिकारपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव
- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि विश्वस्तांचा ठराव: गाडी स्वीकारली, सह्या अमुक व्यक्ती करेल
- चेसीस नंबरचा पेन्सिल छाप
- देणगीपत्र आणि संस्थेचं स्वीकारपत्र

देणगीपत्राबद्दल लोक उगाच घाबरतात. जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होतं, घराच्या बक्षीसपत्रासारखी नोंदणी सक्तीची नाही. एक साधं पत्र पुरे: गाडीचा नंबर, चेसीस आणि इंजिन क्रमांक, किलोमीटर, "विनामोबदला देत आहोत", मिस्त्रीचा कागद सोबत जोडला आहे. तारीख आणि वेळही लिहा. दुपारी तीनला गाडी दिली आणि संध्याकाळी सहाला अपघात झाला तर ती वेळ उपयोगी पडते. अटी घालू नका. "आमच्या आजोबांचं नाव कायम राहील, गाडी विकता येणार नाही" असलं काही लिहिलंत तर पाच वर्षांनी ती गाडी त्यांच्या गळ्यातलं लोढणं होते.

मूळ मालक वारले असतील आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर करा, मग द्या. मधली पायरी गाळता येत नाही.

संस्था दुसऱ्या राज्यात असेल, समजा सावंतवाडीची गाडी पेडण्याच्या संस्थेला द्यायची आहे, तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, राज्याबाहेर ४५ दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्याला ३० दिवस.

नाव बदलेपर्यंत जबाबदारी कुणाची?

तुमची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी विकल्यावर आणखी काही हातांतून फिरली होती, अपघात झाला तेव्हा मूळ मालकाचा तिच्याशी संबंध उरला नव्हता. पण आरटीओच्या दफ्तरात नाव त्याचंच होतं, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. हे वाचलं तेव्हा मला वसतिगृहाला दिलेला छोटा हत्ती आठवला आणि घाम फुटला. पोरांना घेऊन जात असतील तर? दुसऱ्याच दिवशी एजंटला पैसे देऊन मी ती गाडी त्यांच्या नावावर करून टाकली.

म्हणून ४०७ च्या वेळी क्रमच बदलला. आधी अर्ज, दोन्हीकडचे ओटीपी, फी, आरटीओची पोच. ताबा त्यानंतर. सरकारी फी थोडी असते, ती आणि एजंटचा खर्च आम्हीच केला. संस्थेवर टाकला असता तर काम पुन्हा रेंगाळलं असतं.

ताबा देण्याच्या दिवशी

फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेत खातं बंद करा. जीपीएस असेल तर तुमच्या मोबाईलमधून तो काढा, डिझेल कार्ड ताब्यात घ्या. दोन्ही बाजूंवरचं फर्मचं नाव आणि मागचा फोन नंबर पुसा. आम्ही एका बाजूचा विसरलो होतो, तर डब्यांच्या गाडीकडे बघून लोक आम्हाला लग्नाच्या जेवणाचे भाव विचारायला लागले.

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं कायदा मानतो, पण संस्थेने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. तुमचा नो क्लेम बोनस मात्र तुमचाच. कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीला लागू करता येतो.

त्यांच्या चालकाला शेजारी बसवून अर्धा दिवस फिरवा. प्रत्येक जुन्या गाडीच्या खोडी असतात. आमचीला सकाळी सेल्फ मारण्याआधी दहा सेकंद थांबावं लागतं आणि दुसरा गिअर जरा ओढून टाकावा लागतो. या गोष्टी कुठल्याही फॉर्मवर नसतात. जॅक, पाना, स्टेपनी, ताडपत्री, जास्तीची किल्ली मोजून द्या आणि स्वीकारपत्रावर लिहून घ्या.

मग दर आठवड्याला गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून बघा. मालकाच्या जागी संस्थेचं नाव दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट आणि नव्या आरसीची प्रत फाईलला लावा. आमच्या वेळी तेविसाव्या दिवशी नाव बदललेलं दिसलं. पावसाळ्यात खजिनदार बाईंचा फोन आला, मागचा पाटा तुटलाय, कुणाकडे जाऊ? मी आमच्या मिस्त्रीचा नंबर दिला. त्याने फोनवर आधी मलाच झापलं: तो पाटा देण्याआधीच बदला म्हणून त्याच्या कागदात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं.